दहाव्या माणसाचा विमा
(लघुउद्योजकांच्या सभेत केलेले भाषण)



लोखंडी दारे-खिडक्या तयार करणाऱ्या एका कारखानदाराने मला मोकळेपणाने सांगितले, "साहेब, हजेरीपटावर मी नऊच नावे ठेवतो. दहावे लिहिले की विम्याचा ससेमिरा मागे लागतो." दहावा माणूस मात्र समोर वेल्डिंगच्या ठिणग्यांत उभा होता. त्याच्याविषयीच आज बोलावयाचे आहे.

कर्मचारी राज्य विमा अधिनियम १९४८ साली संमत झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट आहे. दहा वा अधिक माणसे कामास असली की ती लागू होते. कंत्राटदाराची माणसेही या गणनेत येतात. सर्वसाधारणपणे दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन घेणाऱ्यास विम्याचे संरक्षण मिळते.

भार किती? १ जुलै २०१९ पासून मालकाचा हिस्सा वेतनाच्या ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्का. म्हणजे १२,००० रुपये वेतनावर अनुक्रमे ३९० व ९० रुपये. दोन्ही हिस्से पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मालकानेच भरावयाचे असतात. स्वतःचा हिस्सा कामगाराच्या वेतनातून कापता येत नाही. एवढेच नव्हे, तर वेतन देताना त्याचे ९० रुपये कापावयाचे राहिले, तर ते मागाहून वसूल करण्याचीही सोय नाही. पुष्कळ मालक येथेच फसतात.

आजारपणाच्या भत्त्यासाठी सहा महिन्यांच्या अंशदान-काळात ७८ दिवसांची वर्गणी लागते. मग वेतनाच्या ७० टक्के, वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत. कामावरील अपघातास मात्र ही अट नाही. कामगार पहिल्याच दिवशी जायबंदी झाला तरी तात्पुरत्या अपंगत्वाबद्दल वेतनाच्या ९० टक्के भत्ता मिळतो.

विम्याचा दवाखाना दूर असतो, रांगेत दिवस मोडतो, ही तक्रार खोटी नाही आणि मी ती खोडून काढणार नाही. परंतु त्या दहाव्या माणसाच्या डोळ्यात ठिणगी गेली तर? नोंद न करणाऱ्या मालकाकडून भरपाई वसूल करण्याचा अधिकार कायद्याने महामंडळास दिलेला आहे, आणि तेव्हा हिशेब ३९० रुपयांचा राहत नाही.

त्या कारखानदाराने माझ्यासमोरच कागदावर आकडे मांडले. दहा जणांचा त्याचा हिस्सा महिन्याला ३,९०० रुपये आला. थोडा वेळ तो गप्प होता. मग त्याने दहाव्या माणसाला हाक मारून आधार कार्ड आणावयास सांगितले.