मिरची तोडताना कंबर सांभाळा

मैत्रिणींनो, आपल्या पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हिरव्या मिरचीचे ढीग लागतात, ते बायांच्याच हातांनी तोडलेले. मजुरी किलोवर, म्हणून ओटी गच्च भरेपर्यंत कुणी थांबत नाही. पण पुढं लोंबणारं ओझं वाकलेल्या कमरेला आणखी ओढतं. ओटी निम्मी भरली की गोणीत रिकामी करा. फेऱ्या वाढतील, वाढू द्या. तेवढंच पाठ सरळ होते. भरलेली गोणी एकटीनं उचलू नका. दोघींनी गुडघ्यात वाकून, गोणी अंगाजवळ धरून उठावं. वळताना कंबर पिळू नका, पाय फिरवा. हाताची आग झाली तर आधी गोडेतेल चोळा, मग साबण. तिखट नुसत्या पाण्यानं निघत नाही. आणि शेतमालकाकडं गोण्या लहानच मागा. मोठी गोणी हमालालाही जडच जाते.