आधी विचारावे



मी सातवीपर्यंत शिकलेली. भाषण करणे हे काही माझे काम नव्हे. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "घरात घडले तेवढेच सांगा," म्हणून चार शब्द सांगायला उभी आहे.

माझी धाकटी मुलगी कॉलेजात जाते. तिथल्या राष्ट्रीय सेवा योजनेची मुले गेल्या थंडीत एक दिवस सेवेसाठी पुण्याजवळ खडकीला गेली होती. पाठीच्या कण्याला दुखापत होऊन लुळे पडलेल्या जवानांसाठी तिथे पुनर्वसन केंद्र आहे. ते १९७४ साली सुरू झाले. अपंग जवानांना धंदेशिक्षण देणारी आणखी एक संस्था खडकीत आहे. ती पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, प्रथम आपल्या मुंबईतच निघाली होती.

पहाटे उठून मी डबाभर तिळाचे लाडू दिले आणि मुलीला बजावले, "बिचाऱ्यांना आपल्या हाताने भरव हो."

रात्री पोरगी परतली ती गप्पच. मग हळूहळू सांगू लागली. एक जवान चाकाच्या खुर्चीतून चढावर जात होते. ही धावत गेली आणि मागून खुर्ची ढकलू लागली. त्यांनी चाकावर हात ठेवून खुर्ची थांबवली आणि म्हणाले, "पोरी, आधी विचार. मग हात लाव." लाडू त्यांनी स्वतःच खाल्ले आणि गूळ किती घातला तेही विचारले! कमरेखाली संवेदना नसते, एकाच जागी बसून जखम झाली तरी कळत नाही, म्हणून मधूनमधून हातांवर जोर देऊन अंग उचलावे लागते, हे त्यांनी तिला करून दाखवले. खुर्चीत बसून बास्केटबॉल खेळणारे आणि तोंडात कुंचला धरून चित्रे काढणारे जवानही तिथे असतात.

सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांवरचा 'चंदू चॅम्पियन' हा २०२४ चा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिला असेल. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि १९७२ साली जर्मनीत त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. ते पाहून माझ्या डोळ्यांना पाणी आले होते. पण आपल्या घरात काय चालले आहे, ते मात्र मला दिसले नव्हते.

माझे धाकटे दीर रंगकाम करताना परांचीवरून पडले, त्याला चार वर्षे झाली. पाय गेले, हात धडधाकट आहेत. तरी रोज मीच त्यांना भरवीत असे. भात सांडू नये आणि माझे काम लवकर उरकावे म्हणून! लोक मला सोशिक म्हणत आणि मलाही ते गोड वाटे.

दुसऱ्या दिवशी मुलीने विचारले, "काका, ताट हातात देऊ का?" त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मी विसरणार नाही. भात सांडला. मी पुढे झाले, तर पोरीने माझे मनगट धरले. जेवायला पाऊण तास लागला. शेवटी भाऊजी म्हणाले, "वहिनी, आमटीत मीठ कमी आहे." चार वर्षांत त्यांनी माझ्या स्वयंपाकाला पहिल्यांदा नाव ठेवले. मी आत जाऊन रडले.

भगिनींनो, काहींना भरवावेच लागते, ते टाळू नये. पण आधी विचारावे.

एक मागणे आहे. पुढच्या वर्धापनदिनाला यायची भाऊजींची इच्छा आहे. जिन्यावरून चाळीतली मुले त्यांना उतरवतील. पण आपल्या मंडळाच्या दाराशी दोन पायऱ्या आहेत, तिथे एक उतरती फळी बसवावी. तिला मी माझ्या भिशीतून शंभर रुपये देते. फळी किती रुंद हवी, ते मात्र भाऊजींना विचारूनच ठरवू या.