एका उभ्या रेघेची गोष्ट



ओवी म्हणताना बाई जिथे थांबते, तिथे लिहिणारा एक उभी रेघ ओढतो. तिला आपण दंड म्हणतो. ओवी संपली की दोन रेघा, म्हणजे जोडदंड. पोथी उघडा, अभंगांची गाथा उघडा; ही रेघ पानोपानी भेटेल. आपल्या रोजच्या गद्यात मात्र ती नाही. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीच्या धर्तीवर विरामचिन्हे मराठीत रुळवली आणि वाक्याच्या शेवटी टिंब आले. हिंदीने दंड ठेवला, आपण तो पद्यापुरता ठेवला. त्यामुळे संगणकावर मराठी लिहिताना दंड कुठे आहे हे चटकन आठवत नाही, आणि हाताला येईल ती उभी रेघ आपण ओढून मोकळे होतो. त्याने काय बिघडते, ते आज सांगतो.

माझ्या ओळखीच्या एका गुरुजींनी मुलांकडून गावातल्या आजीबाईंच्या जात्यावरच्या ओव्या लिहवून घेतल्या. तिघा मुलांनी त्या संगणकावर उतरवल्या. वरवर पाहता सगळ्या सारख्याच. मग गुरुजींनी यंत्राला सांगितले, ‘जोडदंड आला की ओवी संपली असे धर, आणि ओव्या मोज.’ यंत्राने एकाच मुलाच्या ओव्या नीट मोजल्या. बाकी दोघांच्या ओव्या म्हणजे त्याच्या लेखी प्रत्येकी एकच लांबलचक ओवी!

असे का झाले? आपण रेघेचा आकार पाहतो. यंत्र तिचा क्रमांक पाहते. जगातल्या लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची व्यवस्था आहे. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तीत दंडाचा क्रमांक २४०४ आणि जोडदंडाचा २४०५. बंगाली, उडिया, गुरुमुखी यांनाही हाच दंड चालतो. इंग्रजी कळफलकावरची उभी रेघ निराळी. तिचा क्रमांक १२४. आणि दोन दंड शेजारी ठेवले तरी यंत्राच्या दृष्टीने तो जोडदंड होत नाही.

दुसऱ्या मुलाने सगळीकडे ती इंग्रजी रेघ वापरली होती. तिसऱ्यानेही ओवीच्या शेवटी तीच दोनदा ओढली. पण मधल्या विरामाला त्याने चक्क काना दिला! ‘दळिते’सारख्या शब्दापुढे काना टिंबांच्या वर्तुळासह उमटला, म्हणून ती चूक कळली. पण ‘राम’पुढचा काना शब्दाला जाऊन चिकटला आणि ‘राम’चा झाला ‘रामा’.

इंग्रजी रेघा बदलणे सोपे होते. ‘शोधा आणि बदला’ ही सोय वापरून आधी जोडीच्या रेघांचे जोडदंड केले, मग सुट्या रेघांचे दंड. हा क्रम उलटा केला असता, तर जोडदंडाच्या जागी दोन सुटे दंड आले असते. पण कान्याचे काय करायचे? खरा काना कोणता आणि दंडाच्या जागी आलेला कोणता, हे यंत्राला कसे कळावे? गुरुजी मुलांना घेऊन पुन्हा घरोघर गेले. एक आजी मधल्या काळात वारल्या होत्या. त्या ‘राम’ म्हणाल्या होत्या की ‘रामा’, हे आता कोण सांगणार?

तेव्हा शिक्षक मित्रांनो, एवढे करा. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून टिंबाची कळ दाबली की दंड उमटतो. फोनवर तो मराठी कळफलकाच्या चिन्हांत शोधा. दंडाआधी मोकळी जागा सोडू नका, नाहीतर तो एकटाच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतो. मुलांना पहिल्या दिवशीच खरा दंड दाखवा. आणि घरातल्या मंडळींनो, उतरवलेली ओवी आजीला एकदा वाचून दाखवा. ती समोर बसलेली आहे, तोवरच चूक दुरुस्त होते.