हळद अजून वाळते आहे

औंढा नागनाथला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा होणार, तिच्या भुजा चार-चार किलोमीटरच्या, २०२३ साली केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले, हे आपल्याकडं आता शाळकरी पोरंही सांगतात. मला पुढचं बोलायचंय. उद्या इथल्या नोंदींवर शोधनिबंध निघतील आणि छापून येण्याआधीच अर्काइव्ह या संकेतस्थळावर प्रीप्रिंट म्हणून दिसतील. भौतिकशास्त्रात १९९१ पासून ही रीतच पडली आहे. तेव्हा बातमी आली की आधी विचारा: निबंध तज्ज्ञांनी तपासलाय, की अजून प्रीप्रिंटच आहे?

वसमतच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. हळद शिजवून वाळत घातली म्हणजे मोंढ्यात न्यायला झाली असं नाही. पॉलिश व्हायचंय, बोली लागायचीय. पण उघड्यावर आहे म्हणून येणारा-जाणारा हळकुंड मोडून बघतो. आत कच्चं असेल तर तिथंच सांगतो. पोत्यात भरल्यावर कोण बघतं?

प्रीप्रिंटचंही तसंच. मार्च २०१४. दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीला विश्वाच्या आरंभीच्या गुरुत्वीय लहरींची खूण सापडली, असं पत्रकार परिषदेत जाहीर झालं. निबंध तेव्हा प्रीप्रिंटच होता. जगभर मथळे! पुढं कळलं, त्या खुणेत आपल्याच आकाशगंगेतली धूळ होती. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होतात ते असं. पण शंका काढणाऱ्यांनीही मे महिन्यातच आपले प्रीप्रिंट टाकले होते, तेही ध्यानात ठेवा.

लायगोवाल्यांनी मात्र घाई केली नाही. १४ सप्टेंबर २०१५ ला लहर टिपली. अफवा उठल्या, तरी हजारावर लेखकांच्या त्या चमूनं ११ फेब्रुवारी २०१६ पर्यंत अधिकृत अक्षर काढलं नाही. 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'नं निबंध तपासून स्वीकारला, मगच जाहीर केलं. पुण्याच्या आयुका संस्थेतली मंडळीही त्या लेखकांत आहेत.

म्हणून पुन्हा सांगतो, पत्रकार मित्रांनो, तपासलाय का, हे आधी विचारा आणि बातमीच्या पहिल्याच ओळीत लिहा. शेवटच्या ओळीत नको, तिथवर कोण वाचतं! आणि प्राध्यापक मंडळी, तुम्ही प्रीप्रिंट म्हटलं की नाक मुरडता, तेही बरं नाही. महागड्या नियतकालिकांची वर्गणी आपल्या किती कॉलेजांना परवडते? अर्काइव्ह पोराच्या मोबाइलवर फुकट उघडतं. निबंधाच्या तारखेपाशी व्ही-वन, व्ही-टू लिहिलेलं असतं. जुनी आवृत्तीही तिथंच राहते. दोन्ही शेजारी ठेवून काय बदललं ते कसं बघायचं, हे सांगणार होतो, पण वेळ संपल्याचा समोरचा दिवा लागला.