कोब्याखालची जमीन



घर बांधावयाचें ठरलें म्हणजे सिमेंट कोणतें, फरशी कोणत्या रंगाची, याची चर्चा आपण हौसेनें करितों. फरशीखालच्या मातीची विचारपूस मात्र कोणी करीत नाहीं. घरांत तें एकवेळ चालून जातें. गोदामांत चालत नाहीं. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यांत, कुंभिवलीसारख्या गांवांभोंवतीं, जेथें भाताचीं खाचरें होतीं तेथें आतां कारखाने व गोदामें उभीं राहत आहेत. तेथील काँक्रीटच्या कोब्यावर मालाच्या थप्प्या रचतात, भरलेल्या गाड्या फिरतात. तो सारा भार अखेर जुन्या खाचराच्या मातीवर येतो.

ही माती किती दबेल, हें मोजण्याची रीत सरळ आहे. ७५ सेंटिमीटर व्यासाची पोलादी चकती जमिनीवर ठेवून तिला जॅकनें दाबावयाचें आणि ती सव्वा मिलिमीटर खचली म्हणजे दाब किती झाला तें पाहावयाचें. दाबाला खचण्यानें भागिलें कीं जमिनीच्या ताठपणाचा आंकडा मिळतो. जमीन म्हणजे जणूं स्प्रिंगांची गादी, ही कल्पना विंक्लर यांनीं १८६७ सालीं मांडली. तिच्या आधारें वेस्टरगार्ड यांनीं १९२६ सालीं अमेरिकेंत काँक्रीटच्या रस्त्यांचें गणित बसविलें. चकतीची चांचणी खर्चाची, म्हणून पुष्कळदां मातींत दट्ट्या रुतवून घेतलेल्या सी. बी. आर. चांचणीवरून हा आंकडा कोष्टकांतून उचलतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या कोष्टकांत सी. बी. आर. शेंकडा २ असतां दर सेंटिमीटर खचण्यास चौरस सेंटिमीटरमागें सुमारें २.१ किलो, शेंकडा १० असतां सुमारें ५.५ किलो धरितात.

आतां गंमत अशी, कीं या आंकड्याच्या अचूकपणावर जितका वाद होतो तितकें त्याचें महत्त्व नाहीं. गणितांत तो चतुर्थमूळाखालीं येतो. जमीन दुप्पट ताठ झाली तरी भार पसरण्याची त्रिज्या जेमतेम सहाव्या हिश्शानें घटते. काँक्रीटची जाडी फारशी बदलत नाहीं. घातक गोष्ट निराळीच: एकाच कोब्याखालीं दोन तऱ्हेची जमीन असणें. घाटपायथ्याच्या उतारावर सपाटी करतांना वरची बाजू खोदतात आणि निघालेला मुरूम खालच्या खाचरांत लोटतात. अर्धी फरशी घट्ट मुरमावर, अर्धी सैल भरावावर! सीमेवर तडा गेला म्हणजे बोल लागतो सिमेंटाला.

दुसरी फसगत ऋतूची. वैशाखांत भेगाळलेलें खाचर चकतीला दगडासारखें उत्तर देतें. श्रावणांत तीच माती पायाखालीं लिबलिबते. म्हणून सी. बी. आर.चा नमुना चार दिवस पाण्यांत भिजवून तपासतात, आणि उन्हाळ्यांत घेतलेला चकतीचा आंकडाही ओल्या मातीच्या मानानें उतरवावा लागतो. शिवाय चकतीला आपल्या व्यासाच्या दीड-दोन पट खोलीपलीकडचें फारसें कळत नाहीं. रुंद थप्पीचा भार त्याहून पुष्कळ खोल पोंचतो. तेथें चिकणमातीचा थर असेल तर तो वर्षानुवर्षें बसत राहतो. त्यासाठीं बोअरच घ्यावें लागतें.

माझ्या मतें पहिला पैसा जाडीवर न घालतां दबाईवर घालावा. वरची मऊ माती काढून मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनीं टाकावा, पाणी मारून रोलरनें दाबावा. आपल्या आजोबांच्या घरांतील जमीन धुमसानें चोपून घेत, तेंच हें. मग भरलेला ट्रक सबंध जागेवरून संथपणें फिरवावा व एकानें मागून चालत राहावें. चाकाखालीं जमीन जेथें लवेल तेथें चुन्यानें खूण करावी, तेवढी माती उकरून नवा मुरूम दाबावा, आणि त्यानंतरच काँक्रीटची गाडी बोलवावी.