विमापत्र आणि ट्रकमालकाची जबाबदारी

(मालवाहू ट्रकमालकांच्या सभेत झालेले भाषण)



आपल्या खाणपट्ट्यात एक किंवा दोन ट्रकांवर संसार चालविणारी पुष्कळ कुटुंबे आहेत. सप्टेंबर २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणींचे काम थांबले, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील ट्रक महिनोन् महिने अंगणात उभे राहिले. मिळकत आटली म्हणजे विम्याचा हप्ता पुढे ढकलण्याचा मोह होतो. पुढे अचानक भाडे मिळते आणि कागदपत्रांची मुदत न पाहताच गाडी रस्त्यावर येते. यातून जो धोका उद्भवतो, त्याचा विचार आज करावयाचा आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमानुसार त्रयस्थ पक्षाच्या जोखमीचा विमा असल्याविना सार्वजनिक ठिकाणी वाहन वापरता येत नाही. या नियमाचा भंग झाल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये व पुढे ४,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु दंड ही यातील लहान बाब होय. विमा नसताना अपघातात कोणी दगावले, तर मोटार अपघात दावे न्यायाधिकरण जी नुकसानभरपाई ठरवील ती मालकालाच द्यावी लागते. मृताचे वय व मिळकत यांवरून ठरणारी ही रक्कम कित्येकदा ट्रकच्या किमतीहून अधिक भरते.

पुष्कळांचा असा समज असतो की, हप्ता भरला म्हणजे आपण मोकळे झालो. हा समज घातक आहे. विमापत्र हा एक करार आहे व त्याच्या अटी पाळणे मालकाच्या हाती आहे. अटींचा भंग झाला तर पुष्कळ प्रकरणी विमा कंपनी जखमी इसमाला किंवा मृताच्या वारसांना पैसे देते, आणि नंतर तीच रक्कम मालकाकडून वसूल करते. अपघातग्रस्ताला न्याय मिळावा म्हणून न्यायालयांनी हा मार्ग रूढ केला आहे. मालकावर मात्र विमा असूनही घरदार विकण्याची पाळी येऊ शकते.

अशा अटींपैकी पहिली चालकाच्या अनुज्ञप्तीची, म्हणजे लायसन्सची. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली असे ठरविले की, चालकाची अनुज्ञप्ती सदोष असली तरी मालकाने हयगय केली हे विमा कंपनीला सिद्ध करावे लागते. ज्याने कामावर ठेवताना अनुज्ञप्ती पाहिली, चालकाचे कौशल्य पारखले आणि नक्कल जपून ठेवली, त्याची बाजू भक्कम राहते. आज ‘सारथी’ या संगणकीय व्यवस्थेवर अनुज्ञप्तीची खातरजमा काही क्षणांत होते. परिवहन वाहनाच्या अनुज्ञप्तीची मुदत पाच वर्षांची असते, हेही ध्यानी ठेवावे. हलक्या वाहनाच्या अनुज्ञप्तीवर ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. आपले टिप्पर त्या मर्यादेच्या फार वरचे आहेत, त्यांना ही सवलत लागू नाही.

दुसरी अट परवान्याची. परवान्याविना धावणाऱ्या वाहनाच्या प्रकरणी कंपनीला मालकाकडून वसुलीचा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले. चोर्ला किंवा अनमोड घाटाने परराज्यात जाणाऱ्यांनी आपला परवाना तेथे चालतो की नाही, हे निघण्यापूर्वीच पाहावे. योग्यता प्रमाणपत्राच्या बाबतीतही हीच दक्षता हवी.

तिसरी बाब, गाडीत बसविलेल्या माणसांची. मालाचा धनी किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना विम्याचे संरक्षण आहे. वाटेत हात दाखविला म्हणून फुकट बसविलेल्या माणसाला कायद्याने ते दिलेले नाही. ही दया त्या माणसाच्या कुटुंबाला आणि आपल्यालाही महाग पडते.

अतिभाराविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. २०१८ च्या सुधारित मर्यादेनुसार मागे जोड-आस असलेल्या तीन आसांच्या ट्रकचे भारासह एकूण वजन २८.५ टनांपर्यंत असू शकते. आपल्या गाडीच्या नोंदणीपत्रात जो आकडा आहे तोच प्रमाण मानावा. अतिभारासाठी २०,००० रुपये आणि वर दर जादा टनास २,००० रुपये असा दंड आहे. पाच टन अधिक भरले तर ३०,००० रुपये झाले, शिवाय जादा माल उतरविल्याविना गाडी हलत नाही. आणि हिशेब दंडापाशी संपत नाही. घाट उतरताना जादा वजनाने ब्रेक तापतात, तापलेला ब्रेक धरत नाही, आणि मग कोणतेही विमापत्र ट्रक थांबवू शकत नाही.

मालाच्या जोखमीचाही निराळा विचार हवा. त्रयस्थ पक्षाच्या विम्यात आपला ट्रक येत नाही व त्यात भरलेला मालही येत नाही. स्वतःच्या नावे बिल्टी देणाऱ्या वाहतूकदारांना २००७ चा रस्ते मालवाहतूक कायदा लागू होतो. जादा जोखमीचा दर ठरलेला नसेल, तर वाहतूकदाराचे दायित्व भाड्याच्या दहापट रकमेपर्यंत असते. समजा, भाडे ८,००० रुपये आहे. तर दायित्व ८०,००० रुपयांपर्यंत जाते. हे दायित्व आपण स्वतःच्या खिशातून पेलू शकतो काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारून त्यासाठी वेगळा विमा घ्यावा.

अपघात घडलाच, तर चालकाने जखमींना वैद्यकीय मदत मिळवून देणे, पोलिसांना कळविणे व विमा कंपनीला लेखी खबर देणे हे १३४ व्या कलमान्वये बंधनकारक आहे. जमाव खवळलेला असल्यास जखमीस इस्पितळात नेण्याच्या बाबतीत कायदा चालकाची अडचण ध्यानात घेतो. पण पोलीस ठाणे गाठून खबर देण्याचे टाळू नये. ही गोष्ट चालकाला आधीच समजावून सांगावी.

शेवटी एकच विनंती. विमा, परवाना, योग्यता प्रमाणपत्र, प्रदूषण प्रमाणपत्र आणि चालकाची अनुज्ञप्ती या पाचांच्या मुदतीच्या तारखा एका वहीत लिहून ती घरातील लिहित्यावाचत्या माणसाकडे सोपवावी. ट्रकच्या विम्याचे दर वर्षी नूतनीकरण करावे लागते. तारखेच्या पंधरा दिवस आधी पैशांची तजवीज असावी. हप्ता धनादेशाने भरला असेल तर तो वटला की नाही, याचीही खात्री करावी. गाडी बराच काळ उभी राहिली असेल, तर वही पाहिल्याशिवाय किल्ली चालकाच्या हाती देऊ नये.