नवशिक्या कामगाराचे वेतन : एक विचार
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



लहान कारखानदारांच्या वतीने दोन शब्द बोलण्याची संधी मंडळाने दिली, याबद्दल आम्ही आभारी आहोत. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ मुले शाळा संपताच कारखान्यात लागतात आणि पहिला पगार पाहून घरची वडीलधारी मंडळी विचारतात, "एवढ्यात कसे भागावे?" प्रश्न रास्त आहे. तो टाळण्यापेक्षा त्याचा हिशेबच आपणांपुढे मांडावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम मालकाची बाजू. लेथवर नवा आलेला मुलगा आरंभीचे काही महिने देतो त्यापेक्षा घेतो अधिक. व्हर्नियरवरील माप अचूक वाचता येईपर्यंत त्याच्या हातून जॉब बिघडतात, टूल तुटतात, आणि जाणत्या कारागिराचा वेळ शिकविण्यात जातो. कायदा लागू असेल तेथे भविष्यनिर्वाह निधीचे शेकडा १२ व राज्य विम्याचे शेकडा सव्वातीन, हा मालकाचा भार पगाराबाहेरचा. मालाचे पैसे ४५ दिवसांच्या आत चुकते व्हावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. पण मोठ्या गिऱ्हाइकाकडे तगादा लावला तर पुढचे काम जाईल, ही धास्ती लहान मालकास असतेच.

हे सर्व खरे असले, तरी त्याला मर्यादा आहे. १९६१ च्या कायद्याने शिकाऊ उमेदवारीस विद्यावेतन दिले, तशी मुदतही घातली. मुदत नसलेली उमेदवारी ही स्वस्त मजुरीच होय. हात बसल्यावरही "अजून शिकतोच आहे" असे म्हणून जुनाच पगार चालू ठेवणे न्यायाचे नाही. १९५७ साली भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे माप ठरविले: कुटुंब तीन प्रौढ उपभोग-एककांचे धरून प्रत्येकी २७०० कॅलरींचे अन्न, वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि जळण, दिवाबत्ती वगैरेंसाठी शेकडा २०. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली त्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार व म्हातारपण यांसाठी आणखी शेकडा २५ ची भर घातली. कायद्याने ठरविलेले किमान वेतन ही पायरी आहे. तिलाच छप्पर मानू नये.

यात मालकाचेही हित आहे. तयार झालेला मुलगा हजार-पाचशे रुपयांसाठी शेजारच्या कारखान्यात गेला, की त्याच्यावर केलेला सारा खर्च त्याच्याबरोबर जातो आणि नव्या मुलापासून पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो.

आता घरातली गोष्ट. आपला माणूस म्हणून काम देणे हे भूषण. परंतु आपला माणूस म्हणून कमी देणे, आणि तो तोंड उघडणार नाही असे गृहीत धरणे, हे भूषण नव्हे. ज्ञातीच्या नात्याने मालकावर जबाबदारी वाढते, सवलत मिळत नाही.

म्हणून आमची विनंती अशी. मालकबंधूंनी मुलास ठेवतानाच शिकण्याची मुदत, शिकावयाचे काम आणि त्यानंतरचा पगार कागदावर लिहून द्यावा. पालकांनी पहिल्या पगाराच्या आकड्यापेक्षा या तीन गोष्टी आधी विचाराव्यात. संकोच करू नये. आणि मुलांनी त्या मुदतीत मन लावून काम शिकावे, कारण हातातली विद्या कोणी काढून घेऊ शकत नाही.

एवढे झाले, तर मालक आणि कामगार एकाच पंक्तीला बसताना कोणालाही मान खाली घालावी लागणार नाही.